पंचकातला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा घरात फक्त मी घाबरलेला होतो. तो घरी आला आणि सगळेच घाबरले. एका वस्तूमुळे आमचं कुटुंब असं एकमताला आल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

माझ्या भीतीचं कारण साधं होतं. इंदूरच्या एका कंपनीत सोमवारी सकाळी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकते. यंत्र घेतलेले लोक तक्रारी करणार आणि मी घरी बसून त्यांना शांत करणार, असं काम. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा आणि त्याला कॅमेरा हवा. हे जमलं नाही तर दुसरी नोकरी तयार होती, आणि खरी भीती तिचीच होती. आमचे शेजारी भय्यासाहेब महाकालाच्या मंदिराजवळ एक धर्मशाळा सांभाळतात. तिथे काउंटरवर बसायचं, यात्रेकरूंना रजया द्यायच्या, आणि सकाळी परत घेताना प्रत्येक रजईचा वास घेऊन बघायचा. वास का घ्यायचा हे भय्यासाहेबांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून माझं जेवण कमी झालं आहे.

"खुर्ची रिकामी ठेवली आहे बेटा तुझ्यासाठी," ते जिन्यात भेटले की म्हणायचे. "कुणाला बसू देत नाही. बसला कोणी तर उठवतो."

लॅपटॉप कसला घ्यायचा याबद्दल बाबांचं मत स्पष्ट होतं. बेसिक. बाबा वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आहेत. पेन्शनची स्लिप बघणं, विजेचं बिल भरणं, पुण्याला माझ्या ताईशी तोंड बघून बोलणं आणि जमल्यास मला नोकरी लागणं, अशी त्यांची बेसिक कामं होती. माझा नंबर बिलानंतर होता.

ही बातमी बाहेर जाऊ नये अशी माझी इच्छा होती. पण आमच्या कॉलनीत वस्तू आधी चर्चेत येते, मग दुकानात. समोरच्या बाई येऊन सांगून गेल्या की लॅपटॉप मांडीवर ठेवला की पुढे मूलबाळ होत नाही. आई म्हणाली, "आधी लग्न होऊ दे त्याचं." मग दोघींनी माझ्याकडे एकदम बघितलं आणि एकदम दुसरीकडे बघितलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचा सल्ला असा होता की थोडं थांबावं, पुढच्या वर्षी स्वस्त होतील. हे गृहस्थ याच आशेवर गेली वीस वर्षं फ्रिजवाचून राहतात.

"मतलब बघ प्रभाकर," भय्यासाहेब बाबांना म्हणाले, "लॅपटॉप वजनदार घे. हलका म्हणजे आत माल नाही. रजईचंही तसंच असतं."

गुरुवारी आम्ही तिघं फ्रीगंजच्या बाजारात गेलो. तिसरे भय्यासाहेब. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण स्कूटर त्यांचीच होती, म्हणून मी रिक्षाने मागून गेलो.

"क्या काम लेना है अंकल?" दुकानदाराने विचारलं.

"बेसिक," बाबा म्हणाले.

"तो ये लीजिए. इसमें सब चलता है. बस एक साथ दो चीज़ मत चलाना."

बाबांना हे फार पटलं. आजकालच्या मशीनमध्येही संयम असतो, याचं त्यांना बरं वाटलं. मी मात्र महिनाभर अभ्यास करून गेलो होतो. आठ जीबी रॅम, एसएसडी, बरा कॅमेरा, हे सगळं मी दुकानदाराच्या कानाशी जाऊन सांगत होतो. तो ऐकत नव्हता. तो भय्यासाहेबांकडे बघत होता. भय्यासाहेबांनी दोन हातांत दोन लॅपटॉप तोलून धरले होते आणि डोळे मिटले होते. मग एक खाली ठेवून दुसऱ्याच्या पाठीवर त्यांनी माठ बघावा तशी टिचकी मारली.

"हा," ते म्हणाले.

मी खोक्यावरची माहिती वाचली. आठ जीबी, एसएसडी, बरा कॅमेरा. माझा महिन्याचा अभ्यास आणि भय्यासाहेबांचं मनगट एकाच मॉडेलवर येऊन थांबले, याचा अपमान मला अजून वाटतो.

"जनरेशन कौन सी है?" बाबांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो त्यांनी पेपरात वाचला होता.

"बारहवीं, अंकल."

बाबा थोडे दबले. उज्जैनमध्ये आमची आठवी पिढीच चालू आहे.

दुकानदाराने मशीन चालू करून, सगळं भरून दिलं, बिल माझ्या नावाचं केलं, आणि आम्ही घरी आलो. आईने हळदीकुंकवाचं ताट आणलं, खोक्यावर एक बोट टेकवलं, तिथी काय आहे म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोट तिथेच राहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आज सकाळपासून पंचक लागलंय."

ज्यांच्याकडे हे नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्र शेवटच्या पाच नक्षत्रांतून जातो त्या दिवसांना पंचक म्हणतात. या दिवसांत जे घडतं ते पाच वेळा घडतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. म्हणूनच पंचकात घरातलं कुणी गेलं तर त्याच्याबरोबर पिठाचे पुतळे ठेवतात. पुढचा हिशेब पिठावर भागतो आणि बाकीचे नातेवाईक निश्चिंतपणे चहा पितात.

बाबा खुर्चीत बसले. "जुने ज्योतिषी ज्या गावावरून देशाचं पंचांग मोजायचे," ते म्हणाले, "त्या गावात राहून मी कॅलेंडर न बघता मशीन आणलं."

"पण खरेदीला पंचक चालतं म्हणतात," मी म्हणालो. हे मी कुठे ऐकलं होतं ते मला माहीत नव्हतं. भीतीने सुचलं असावं.

"कोण म्हणतं?"

"दुकानदार."

खोकं देवघरात गेलं. पंचकाचं काही तरी होईपर्यंत ते उघडायचं नाही असा हुकूम निघाला. मी हसलो. मी या गोष्टी मानत नाही. ताईचा फोन येईपर्यंत मी त्या बिलकूल मानत नव्हतो.

"बाबा, एक गंमत," ताई म्हणजे स्नेहा पुण्याहून म्हणाली. "माझा जुना लॅपटॉप कुरिअर केलाय तुम्हाला. उद्या पोचेल."

"दोन," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग बाबांनी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन लावले आणि सांगितलं, "आम्हाला लॅपटॉप पाठवू नका. आम्हाला अजिबात नको आहे." आता आमच्या नातेवाइकांत कुणी न विचारता नको म्हणालं तर त्याचा एकच अर्थ होतो. मनातून हवं आहे, पण भीड वाटते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लाडू असेच खात आलो आहोत. इंदूरच्या माधवकाकांनी काकूला सांगितलं, "प्रभाकर अडचणीत आहे बिचारा, पण मान सोडत नाही." शुक्रवारच्या संध्याकाळी इंदूर-उज्जैन बसच्या कंडक्टरने टोपाचं फडकं गुंडाळलेला एक लॅपटॉप माझ्या हातात दिला. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली होती.

"तीन," बाबा म्हणाले. ते आता रागावत नव्हते. नुसतं मोजत होते.

देवासच्या आत्याला त्यांनी दुसऱ्यांदा फोन केला. या वेळी शपथ घातली. आत्या फोनवर रडली. म्हणाली, दादाने आजवर माझ्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, आणि आज शपथ घालायची वेळ आली. रविवारी सकाळी ती स्वतः आली, सुनेचा लॅपटॉप आणि डबाभर चिवडा घेऊन. त्या लॅपटॉपचं ए हे बटण नव्हतं. नातवाने गिळलं होतं, आणि पुढे ते कसं मिळालं हे तिने चहा होईपर्यंत सविस्तर सांगितलं. चहा कुणी प्याला नाही.

चार झाले. दारावरची बेल वाजली की बाबा आधी येणाऱ्याचे हात बघायचे. दूधवाल्याला त्यांनी पिशवी उघडून दाखवायला लावली. मी अजूनही काही मानत नव्हतो. मोजत मात्र होतो. गंमत अशी की चार लॅपटॉप असून मला वापरायला एकही नव्हता. ताईचा तिच्या ऑफिसचा पासवर्ड मागत होता आणि तो ज्याला माहीत होता तो माणूस नोकरी सोडून गेला होता. काकांचा कधी फुटेल सांगता येत नव्हतं. आत्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मी निळा दिसत होतो, चांगला गळ्यापर्यंत निळा, आणि आत्या म्हणाली की उज्जैनमध्ये याला नाव ठेवू नये. आणि चांगला होता तो देवघरात.

"मी काय म्हणते," आई जेवताना म्हणाली, "याचा इंटरव्ह्यू पण पंचकातच येतो ना? हा नापास झाला तर?"

मी मनातल्या मनात पाच वेळा नापास झालो. पाचव्या वेळी मला रजईचा वास आला.

"खुर्ची आहेच," भय्यासाहेब म्हणाले. ते चिवडा खायला आले होते. "पण मी काय म्हणतो, रामघाटावर आपले गुरुजी आहेत. त्यांना सगळ्याची काट, म्हणजे उतारा, माहीत आहे. चल, विचारून येऊ."

गुरुजी छत्रीखाली तख्तावर बसले होते. समोर गुजरातहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं. त्यांचं आटोपल्यावर भय्यासाहेबांनी आमचं प्रकरण मांडलं. गुरुजींनी ते डोळे मिटून ऐकलं.

"मशीन का विधान नहीं है," ते म्हणाले. "मनुष्य का है."

"महाराज, आजकल मनुष्य पूरा इसीमें रहता है," भय्यासाहेब म्हणाले.

गुरुजींना हे नवीन नसावं, कारण त्यांनीही मांडीखालचा मोबाइल एकदा बघितला. "तो आटे के पाँच बना लाओ."

"मनुष्य?" बाबांनी विचारलं.

"मनुष्य काहे को. यही. और मशीन भी साथ लाना. जिसकी शांति, वो हाज़िर रहे. जिसके नाम का बिल है वो बैठेगा."

दोन अडचणी होत्या. सोमवारी दुपारी पंचक संपत होतं, त्याच्या आत शांती व्हायला हवी होती, आणि गुरुजींना सोमवारची सकाळच मोकळी होती. इंटरव्ह्यू सोमवारी सकाळी. मी हे सगळं बाबांना दोनदा समजावून सांगितलं. बाबांनी नदीकडे बघितलं, मग माझ्या मोबाइलकडे.

"इथे नेट येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग काय."

आईने कणीक मळली. पाचही लॅपटॉप तळहाताएवढे, उघडे, नीट बिजागरीवर टेकलेले. बाबा शेजारी बसून तपासत होते. काट्या-चमच्यातल्या काट्याने त्यांनी बटणं उमटवली. मग म्हणाले, "याला कॅमेरा नाही."

"पिठाचा बसणार आहे का इंटरव्ह्यूला?" आई म्हणाली.

"करायचं तर नीट करावं."

आईने प्रत्येकाच्या वरच्या कडेला एकेक तीळ दाबला. खरं सांगायचं तर घरातल्या नऊ लॅपटॉपांत हेच पाच सर्वांत सुबक होते.

सोमवारी सकाळी मी रामघाटाच्या पायरीवर, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली सोवळं, असा बसलो. मांडीवर लॅपटॉप. समोरच्या बाईंचं बोलणं आठवलं, पण आता सगळ्याच बाजूंनी उशीर झाला होता. मागे घाट दिसू नये म्हणून बाबा आणि भय्यासाहेब एक भैरवगढची चादर दोन टोकांना धरून उभे होते. लाल चादर, तिच्यावर ठशांचे मोर. उजवीकडे गुरुजी. मध्ये ताटात पाच पिठाचे लॅपटॉप. लॅपटॉप चार दिवस देवघरात होता. देवघरात चार्जिंगची सोय नाही. बॅटरीची खूण लाल होती.

पडदा उजळला. कंपनीच्या निहारिका मॅडम होत्या. चेहऱ्यावरून त्यांनी सकाळपासून बऱ्याच जणांना नाही म्हटलेलं असावं.

"विहंग जी, आपके पीछे परदा हिल रहा है."

"जी मैम. हमारे यहाँ हवा अच्छी आती है."

"ठीक है. अपने बारे में बताइए."

"यजमान, नाम-गोत्र बोलिए," उजवीकडून गुरुजी म्हणाले.

दोघांना एकच उत्तर पुरेल असं मला वाटलं. मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, काश्यप गोत्र सांगितलं आणि त्याच ओघात बी.कॉम. द्वितीय श्रेणी. गुरुजींनी ते सगळं संकल्पात घातलं. त्या दिवशी क्षिप्रेला माझी श्रेणीही कळली.

"आपकी सबसे बड़ी ताक़त क्या है?"

"जल छोड़िए," गुरुजी म्हणाले.

मी डाव्या हाताने लॅपटॉप धरला, उजव्या हाताने पळीभर पाणी सोडलं आणि म्हणालो, "धैर्य, मैम." घाटावर कुणीतरी मोठी घंटा वाजवली. मॅडम थोड्या पुढे वाकल्या. मी घाबरून इतका सरळ बसलो की पायाखालची पायरी निसटल्यासारखी वाटली.

"मान लीजिए एक ग्राहक बहुत ग़ुस्से में है," मॅडम म्हणाल्या, आणि तेवढ्यात चादरीचं डावं टोक खाली आलं. भय्यासाहेबांचा हात भरून आला होता. ज्या मनगटाने लॅपटॉप निवडला तेच दगा देऊन गेलं. चादरीमागून सगळा रामघाट पडद्यावर आला. मुंडण करून घेणारे एक गृहस्थ, त्यांचा न्हावी, वाळत घातलेली धोतरं, आणि अगदी जवळ, माझ्या कानाशी, एक गाय. तिचं तोंड ताटात होतं.

"एक खाल्ला," बाबा म्हणाले.

पुढचं फार वेगाने झालं. बाबांनी चादर टाकली. "महाराज, विधी पाचाचा आहे. चारावर कसा होणार? मी पाच मोजून आणले होते."

"गाय आपकी तरफ़ खड़ी थी," गुरुजी म्हणाले. "अपनी तरफ़ की गाय अपन देखता है."

"मग सांगायचं नाही का?"

"मंत्र के बीच में गाय-गाय कैसे बोलूँ?"

आजूबाजूला माणसं जमायला लागली. बाबांचा आवाज वीज मंडळाच्या जुन्या उंचीवर गेला. कॅमेरा चालू आहे हे मी विसरलो. महिनाभर आरशासमोर जे घोकलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"बाबा, तुमची अडचण माझ्या लक्षात आली आहे. महाराज, आपकी भी. मुझे बस इतना बताइए, गाय के आने तक सामान सही-सलामत था?"

"एकदम," गुरुजी म्हणाले. त्यांना असं कधी कुणी विचारलं नसावं.

"और गाय ने ले लिया तो वो गया कहाँ माना जाएगा?"

गुरुजींनी विचार केला. "गाय ने लिया मतलब सीधा ऊपर. नदी से भी पहले पहुँचा."

"यानी उस एक का काम पूरा."

"पूरा."

"बाबा, एकाचा निपटारा झालेला आहे. चार प्रलंबित आहेत. त्यांची कार्यवाही चालू आहे."

बाबा थांबले. त्यांनी हयात या शब्दांत काढली आहे. प्रलंबित म्हटल्यावर त्यांचा श्वास खाली आला, त्यांनी मान हलवली आणि ते पायरीवर बसले. गुरुजींनी त्यांना आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. भय्यासाहेबांनी मुंडणवाल्या गृहस्थांना काय झालं ते सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

मग मला मांडी गरम लागली. मी खाली बघितलं. मॅडम पडद्यावर तशाच होत्या. हातातलं पेन थांबलं होतं. रजयांचा ढीग मला स्पष्ट दिसला, कप्प्याकप्प्याने.

"विहंग जी," त्या म्हणाल्या, "ये आपका घर है?"

"नहीं, मैम."

"वो जो ग़ुस्से में थे?"

"पिताजी."

"शांत हो गए?"

"फ़िलहाल, मैम."

त्यांनी काही लिहिलं. मग पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. "पहला राउंड आपका क्लियर है. इसके बाद चार राउंड और हैं, अगले हफ़्तों में. मेल आ जाएगा."

पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

मी वळून सांगितलं. पास झालो. एक झाला, चार राहिले. भय्यासाहेबांचा चेहरा थोडा पडला, खुर्चीची काळजी त्यांनाही असणार. गुरुजींनी उरलेले चार लॅपटॉप नदीत सोडायला ताट उचललं, आणि बाबांनी ते हवेतच धरलं.

"महाराज, थांबा," ते म्हणाले. "एक गाईने खाल्ला, एक राउंड पास. हे चार सोडायचे नाहीत."

"फिर?"

"फ्रिजमध्ये ठेवीन. एकेका राउंडला एकेक."

गुरुजींनी ताटाकडे बघितलं, चार तिळांकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात बरंच पाहिलेला तो माणूस हळूच म्हणाला, "हो सकता है. लेकिन फिर गाय वही होनी चाहिए."

आम्ही तिघांनी एकदम वळून बघितलं. गाय नव्हती.

मी या गोष्टी मानत नाही. हे मी तिथे मोठ्याने सांगणारही होतो, पण तोपर्यंत मी सोवळं एका हाताने आवरत, लॅपटॉप काखेत धरून घाटाच्या पायऱ्या चढत होतो, आणि बाबा ताट घेऊन माझ्या मागे होते. वर एक चहावाला स्टोव्हला पंप मारत होता.

"भैया, अभी इधर से एक गाय गई?"

"गायें तो जाती रहती हैं," तो म्हणाला. "कौन सी?"

"जिसने लैपटॉप खाया है."

त्याने पंप न थांबवता हरसिद्धीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे हात केला.